जिनिंगमधली चौथी खोली

"म्याडम, ती चौथी खोली मलाच द्या खंदायला. दुसऱ्या कुणाला लावू नका."

"कावून गं मावशे? हंडा पुरलाय का तिथं?" मुकादम राधाकिशन मधीच बोलला.

"हंडा असता तर जल्मभर ऊस तोडीत हिंडले असते का रं मुडद्या?"

सगळे खिदळले. रतनबाईनं खुरपं उचललं.

बीडच्या जुन्या बाजारामागं मोठी इमारत उठायची होती. पाया घेताना खाली निजामाच्या काळातल्या कापसाच्या जिनिंगच्या भिंती लागल्या. बॉयलरची भट्टी, लोहारसाळ, कामगारांच्या खोल्यांची रांग. पुरातत्त्वाच्या तेजश्री म्याडम सगळं मापून घेत होत्या. त्यांचं झालं की यंत्र येऊन उपसून टाकणार. शिरूर कासारची रतनबाई इथं रोजानं लागली ती या खोलीपायीच. ती नवी नवरी होऊन आलती ती हितंच. नवरा बजरंग बॉयलरवर कोळसा टाकायचा. पहिली पोरगी सटवी पुजायच्या आतच गेली. गेलेलं तान्हं लेकरू चुलीजवळ भुईत पुरायचं, म्हंजे कूस पुन्हा उजवती, अशी त्यांच्यात चाल. रतनबाई तवा सरकारी दवाखान्यात तापानं फणफणलेली. ती घरी आली तर बजरंगनं चुलीच्या उजव्या अंगाला बोट दाखवलं. वरून ताजं सारवलेलं. जिनिंग बंद पडेस्तोवर तिनं तिथं पाय पडू दिला न्हाई. पुढं दोन पोरं झाली, ती त्या लेकरानंच धाडली असं ती धरून चालली. आता यंत्राच्या तोंडी जायच्या आधी तिला चिमूटभर हाडं पदरात घ्यायची होती.

दुपारपातूर चुलीचे काळे दगड लागले. रतनबाई हळूहळू खरवडू लागली. सारवणाचे पापुद्रे एकावर एक, भाकरीसारखे. खाली धुम्मसानं चोपलेली माती. तिच्या खाली मुरूम.

म्याडम वाकून बघत होत्या. चेहरा खुलला. "मावशी, नशीब बघा! जमीन अख्खी सापडली. कुठंच फोडलेली नाही."

"चुलीपाशी बी न्हाई?"

"कुठंच नाही. खड्डा घेतला असता तर मातीचा रंग बदलला असता."

रतनबाईनं तरी डावं अंग खरवडलं, चारी कोपरे खरवडले. मुरूमच.

मग कुठं नेलं त्यानं? इचारावं तर बजरंग उसाच्या फडातच गेला, त्याला वर्सं झाली. चुलीकडं बोट दाखवलं त्या दिवशी त्याचे हात काळे होते. पण कोळशानं ते तर रोजच काळे असायचे. तिची नजर बॉयलरच्या भट्टीच्या खड्ड्याकडं गेली.

"म्याडम, भट्टीतल्या राखंचं काय केलं?"

"ती होय? चाळून टाकली परवाच. काही नव्हतं. का हो?"

"काय न्हाई. इचारलं आपलं."

"ए मावशे," राधाकिशन वरून वरडला, "खोलीतच ऱ्हायला आलीस का? माती साचली की!"

"आले रं," ती म्हणली. चुंबळ डोक्यावर नीट बसवली, भरली पाटी गुडघ्यावर घेतली. "नुसता वरडू नकु, हात लाव."

पाटी डोक्यावर गेली आन ती ढिगाऱ्याची वाट चढू लागली.