मंगळावर मागे राहिलेले

आक्का गेली. रडण्यासारखं काही नाही, म्हणून लिहायला बसले.

पंच्याण्णव वर्षं जगली. आज सकाळी चहा घेऊन आडवी झाली, ती उठलीच नाही.

मी तिची धाकटी बहीण इंदू. वय त्र्याण्णव. फेसबुक नातीनं काढून दिलंय, टाईप मात्र मीच करते. चुका असतील.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ती निपाणीच्या शाळेतल्या गणिताच्या बाई म्हणून माहीत.

पण चौदाव्या वर्षी तिनं आकाशात एक युद्ध लढवलं होतं. ते तुम्हाला माहीत नाही.

दुसरं महायुद्ध संपत आलं होतं. आम्ही वडगावात राहायचो. आप्पांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा, घरातच हातमाग. शाळा कॅम्पात, लष्करी छावणीच्या भागात, चालत जायचो. शाळेत मुलींचं हस्तलिखित मासिक निघायचं. आक्का त्यात गोष्ट लिहायची, मी चित्रं काढायची.

गोष्ट अशी. पृथ्वीची सेनापती विजया आकाशजहाजं घेऊन शनीवर स्वारीला निघालीय. वाटेत मंगळावर शत्रूचे किल्ले.

आक्कानं विजयाला मंगळावर थांबवलंच नाही. वळसा घालून सरळ पुढं!

"किल्ले घेत बसायला वेळ कुणाला हाय?" म्हणाली.

आम्हाला तो लई भारी डाव वाटला.

तेवढ्यात बाळूकाका ब्रह्मदेशातून रजेवर आले. आप्पांचे धाकटे भाऊ. पलटणीत खेचरांवरून रसद पोचवायचं त्यांचं काम. हिवतापानं पिवळे पडलेले. फारसं बोलायचे नाहीत, आप्पांच्या मागाजवळ बसून असायचे.

आक्कानं त्यांना गोष्ट वाचून दाखवली. त्यांनी सगळी ऐकली.

"ह्यांचं जेवाण कोण आणतंय गं?"

"जहाजात असतंय की, काका."

"किती दिवसाचं?"

आक्का वहीत शोधायला लागली.

"मागनं आणावं लागणार. आन् ती वाट मंगळाच्या दारावरनं जाती. तू पुढं गेलीस, पर ते किल्लेवाले मागंच हैत न्हवं?"

आक्का लालबुंद. गोष्ट युद्धाची, आणि हे जेवणाचं विचारतायत!

पण दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्या आल्या तिनं वही त्यांच्यापुढं ठेवली. "मग विजयानं काय करायचं, तुम्हीच सांगा."

तेव्हा काकांनी जे सांगितलं ते आप्पांनीही तोवर ऐकलं नव्हतं. त्यांनी माग थांबवला.

काकांची पलटण घाईनं पुढं गेली होती. जपान्यांची एक टोळी मागं जंगलातच राहिली. त्यांच्याकडं ना दाणा, ना औषध. ते खेचरांच्या वाटेवर टपून बसायचे. काकांचे दोन सोबती त्यात गेले.

मग एका सकाळी ओढ्यावर काकांना त्यातलाच एक दिसला. एकटा. बंदूक बाजूला पडलेली. खेचराच्या तोंडाला बांधायच्या तोबऱ्यातला हरभरा मुठीनं तोंडात कोंबत होता.

"मारलासा?" आक्कानं विचारलं.

"न्हाय. बंदूक उचललीती मी. पर त्याला चावायला बी येत नव्हतं गं. पाणी दिलं. मग कैदी म्हणून सायबाकडं नेलं."

पुढं म्हणाले, "माझी दोन माणसं मारली त्यांनी. तरी बी दिलं. का दिलं, मला बी कळलं न्हाय."

आक्कानं शेवट बदलला.

विजया माघारी फिरते. धान्याचं एक जहाज मंगळावर उतरवते. शस्त्रं खाली ठेवा आणि जेवा, म्हणते. किल्ल्यांतून हाडं उरलेली माणसं बाहेर येतात. वाट मोकळी होते.

मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, ते वाचलं आणि वही मिटली.

"शांताचा भाऊ ब्रह्मदेशातच लढाईत मारला गेला ना, दोन महिन्यांपूर्वी? तिनं हे वाचायचं? शत्रूला जेवण? शेवट बदल, नाहीतर गोष्ट काढून टाकते."

शांता आक्काच्याच वर्गातली. आक्का घरी येऊन तो शेवट पुन्हा पुन्हा वाचत राहिली. बाईंचं म्हणणं तिला खोटं वाटत नव्हतं, तोच त्रास होता.

रविवारी ती वही घेऊन शांताच्या घरी गेली. सोबत मी. शांता आणि तिची आई, दोघींना पहिल्यापासून वाचून दाखवलं. मी दाराकडं बघत होते, कधी हाकलतील म्हणून.

संपलं. शांताच्या आईनं वही जवळ ओढली. मग म्हणाली,

"माझ्या लेकाला कुणी पाणी दिलं आसंल का गं शेवटी?"

आक्का म्हणाली, "मला माहीत न्हाय, काकू."

काही गोड सांगता आलं असतं. तिनं सांगितलं नाही.

काकूंनी डोळे पुसले. "ऱ्हाऊ दे तसंच. कोण बदल म्हणालं तर माझं नाव सांग."

सोमवारी शांताच उठली आणि मोठ्या बाईंना म्हणाली, "आईनं सांगितलंय, बदलायचं नाही."

गोष्ट तशीच अंकात आली. हस्तलिखित वर्गावर्गातून फिरून पार चुरगळलं. मोठ्या बाईंनी नंतर एकदा आक्काला बोलावून घेतलं आणि पाठीवर हात ठेवला.

काका युद्ध संपल्यावर सुखरूप आले. आप्पांच्या शेजारी दुसरा माग घातला. शांता आणि आक्का जन्मभराच्या मैत्रिणी झाल्या.

आक्कानं पुन्हा गोष्ट लिहिली नाही. का, विचारलं तर हसायची. "तेवढा वेळ कुठं मिळाला गं? पोरांचे पेपर तपासण्यात जन्म गेला."

पण मजेत गेला. हे मी शपथेवर सांगते.

आक्का, तुझ्याबरोबर त्र्याण्णव वर्षं काढली. भांडलो, अबोला धरला, पुन्हा बोललो. काही राहून गेलं असं आज वाटत नाही.

निवांत जा.

मनापासून निरोप.
तुझी इंदू