विदूषक नसलेलं नाटक

सरकारी नोकरीच्या परीक्षेत सामान्य ज्ञान नावाचा जो विषय असतो, तो ज्याने काढला त्याला एकदा समोर बसवून जाब विचारावा असं मला फार वाटायचं. जगातल्या कुठल्या संस्थेचं मुख्यालय कुठल्या शहरात, आपल्या कुठल्या क्षेपणास्त्राचा पल्ला किती, अणुवीज कुठे तयार होते आणि पाण्यावरची कुठे, आणि एवढं झाल्यावर एकदम अमुक संस्कृत नाटक कोणी लिहिलं. एकाच पिशवीत खिळे, कांदे आणि पूजेची फुलं कोंबावीत तसला अभ्यासक्रम. त्याच्यामागे मी उमेदीची वर्षं घालवली. पहाटे उठून पाठांतर करायचं आणि मग भिसेगावातून निघून खोपोलीच्या एका कारखान्यात कामगारांची हजेरी मांडायला जायचं.

गाइड हातात धरून प्रश्न विचारायचं काम बाबांचं. ते शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झाले होते. शेवटच्या काही वर्षांत त्यांच्या वर्गाला मुलंच उरली नव्हती, म्हणून शाळेने त्यांना इतिहास-भूगोल दिला होता. ही सल त्यांनी कधी बोलून दाखवली नाही, पण ती होती. गाइडमधले प्रश्न ते जरा तिरकसच विचारायचे. "सगळ्या जगाचं भलं करणाऱ्या या संस्था थंड हवेच्या गावांतच कशा गं बसतात? एक तरी आपल्या शेजारच्या पळसदरीला काढायची." क्षेपणास्त्रांचं पान आलं की म्हणायचे, "यांचा पल्ला दर आवृत्तीत वाढतो. तुझा मात्र आहे तिथंच." ऊर्जेच्या पानावर मीच त्यांना गप्प करायची. खोपोलीत डोंगरावरून वीजघराकडे उतरणारे पाइप मी रोज बघत होते, ते मला काय विचारणार!

संस्कृत साहित्याचं पान मात्र आलं की गाइड बाजूला पडायचं. त्या पानावर फार तर एक प्रश्न येतो, हे बाबांनाही ठाऊक होतं. तरी एका प्रश्नासाठी ते अख्खी नाटकं सांगायचे. राजाला समजावणारा विदूषक, त्याची खादाडी, लाडवासाठी त्याचं आशाळभूत होणं, हे सगळं ते आवाज बदलून करून दाखवायचे. स्वयंपाकघरातून आई ओरडायची, "पोरीला आधी खाऊ द्या. गाडी चुकंल तिची. नाटक काय पळून जात नाय."

"आणि विदूषक नसलेली नाटकं दोन लक्षात ठेव," बाबा म्हणाले होते. "एक राजकारणाचं. तिथं सगळेच डाव टाकतायत, हसायला सवड कोणाला? आणि दुसरं विरहाचं. ते लिहिणाऱ्याला दुःखाच्या जागी कोणी हसलेलं सहनच होत नाही." मी पोळीचा तुकडा मोडता मोडता ऐकत होते. तोंडाने "हं हं" म्हणत होते, पण ऐकत होते.

वयाच्या अटीप्रमाणे माझी शेवटची परीक्षा आली आणि नेमका हाच प्रश्न पडला. खालीलपैकी कोणत्या नाटकात विदूषक नाही? चार पर्यायांत बाबांची दोन्ही नाटकं होती. म्हणजे दोन उत्तरं बरोबर, आणि खूण एकालाच करायची. पेपर काढणाऱ्याने दुसरं नाटक वाचलेलं नसणार, उघडच होतं. मी राजकारणाच्या नाटकावर खूण केली. घरी येऊन काही बोलले नाही. निकाल लागेपर्यंत पेपरविषयी घरात चकार शब्द काढायचा नाही, हा माझा जुना नियम. दृष्ट लागते म्हणा, भीती वाटते म्हणा.

पहिली उत्तरतालिका जाहीर झाली तेव्हा माझं उत्तर बरोबर होतं. गुण मोजले. यंदा यादीत नाव येणार, असं पहिल्यांदाच छातीठोकपणे वाटलं.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी घरी आले तर ओटीवर रिकामे कप आणि बाबांच्या चेहऱ्यावर असा आनंद, की मला वाटलं कोणाचं लग्न ठरलं. अभ्यासिकेतली चार-पाच मुलं-मुली येऊन गेली होती. त्यांच्यात पुढाकार होता बाजारात बांगड्यांचं दुकान असलेल्या कोकणी मुसलमान घरातल्या एका मुलीचा. तिने विरहाच्या नाटकावर खूण केली होती आणि तालिकेत ती चूक धरली होती. तिचं बोलणं बाबा मला हुबेहूब करून दाखवत होते. "सर, आमी हरकत घेनार. पन नुसतं सांगून नाय चालत, पुस्तकाचा पुरावा लागतो. तुमच्याकडं हाय का?"

होता ना. बाबांनी त्यांच्या फोनवर प्रश्न आणि चारही पर्याय वाचले, माळ्यावरून जुना टीकाग्रंथ काढला, पान उघडून दिलं, मुलांनी फोटो काढले. "किती वर्षांनी कोणी मला नाटकातलं विचारायला आलं गं," बाबा म्हणाले. "आणि ती पोर किती हुशार! स्वतः वाचून दोन्ही शोधली होती तिने."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. काय म्हणणार होते मी? खरं असलेलं पान मिटून ठेवायला हवं होतं, असं? तेही ज्याने जन्मभर तेच शिकवलं त्या माणसाला? मी कप उचलले आणि विसळायला घेतले.

हरकत मान्य झाली, प्रश्नच रद्द झाला. ज्यांचं उत्तर बरोबर धरलं होतं त्यांचे गुण गेले. यादी लागली, त्यात माझं नाव नव्हतं. त्या एका प्रश्नाने हातातोंडाशी आलेला घास गेला. मी रडले, घराबाहेर रडले, पळसदरीच्या धरणावर जाऊन. बाबांना एवढंच सांगितलं की नाही झालं.

त्या मुलीचं झालं. ती पेढे घेऊन आली आणि बाबांच्या पाया पडायला वाकली. "सर, तुमचं पान नसतं तर आज माझं नाव नसतं. ज्यांनी पयलं उत्तर दिलेलं ते खाली गेले, म्हनून माझा नंबर लागला." तिने ते निर्मळ मनाने सांगितलं. तिचा काडीचा दोष नव्हता आणि आजही मी तो देत नाही.

ती गेल्यावर बाबा बराच वेळ पेढ्याच्या पुड्याकडे बघत होते. त्यांचा हिशोब लागत आला होता, आणि तो लागताना मला त्यांच्या तोंडावर दिसत होता. मग त्यांनी विचारलं, "तू कुठल्यावर खूण केली होतीस?"

त्यांना आयुष्यात एकदाच तेवढं घाबरलेलं पाहिलं.

"मी? मी तिसऱ्यावर केली," मी म्हणाले. "माझं मुळात चुकलंच होतं, बाबा. रद्द झाला काय नि राहिला काय."

त्यांनी श्वास सोडला. खांदे खाली आले. मला वाटलं, सुटलं. आणि मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तिसऱ्यावर? अगं, त्यात तर पहिल्यापासून शेवटपर्यंत विदूषक आहे. मी तुला त्याचं सोंग करून दाखवलं होतं."

रागावले असते तर बरं झालं असतं. ते उठले आणि आत जाऊन पडले. त्यानंतर मला त्यांनी एक ओळ शिकवली नाही. मी मुद्दाम काही विचारलं तर म्हणायचे, "राहू दे गं, तुला कंटाळा येतो." खरं सांगावं असं शंभरदा ओठांवर आलं. पण खरं सांगायचं म्हणजे त्यांच्या हातांनी माझी नोकरी गेली हेही सांगायचं. ते घेऊन त्यांना जगायला लावण्यापेक्षा मुलगी मठ्ठ आहे हे बरं, असं मी ठरवलं. बरोबर ठरवलं की नाही, ते मला अजून कळत नाही.

पुढच्याच वर्षी बाबा गेले. दहाव्यानंतर ती मुलगी भेटायला आली, कचेरीतून परस्पर, गळ्यात ओळखपत्र तसंच. आईजवळ बसली, रडली. मग मला हळूच म्हणाली, "ताई, एक सांगू? राग नका मानू. मधे मी सरांकडं आले ना, तवा लय वाईट वाटत होतं त्यांना. म्हनाले, गावच्या पोरांपर्यंत पोचलं माझं शिकवनं, घरातल्या पोरीपर्यंत नाय पोचलं."

आई माझ्याकडे बघत होती. मी त्या मुलीच्या पाठीवर हात ठेवला.

"हो गं," मी म्हणाले. "माझं लक्षच नसायचं."