तेलाचा हात

"तिचं काय विचारतीस! तिला बोलाय येत न्हाय, पाट्या तेवढ्या वाचाय येतात."

आत्या हे माझ्या आईला सांगत होती आणि मी त्यांच्या मागे चार पावलांवर होते. डोंगराच्या पायथ्याशी कन्नड आणि इंग्रजीतली एक गंजलेली पाटी होती. ती वाचायला मी थांबले होते, म्हणून हे ऐकावं लागलं. आई हसली. आत्याच्या बोलण्यापेक्षा मला ते हसणं जास्त लागलं.

आम्ही सीमाभागातल्या वडगावचे विणकर. वर्षातून एकदा घरच्या मागावरची साडी घेऊन बदामीला बनशंकरीच्या दर्शनाला येतो. सकाळी साडी देवीला दिली, ओटी भरली, भाकरी खाल्ली. परत निघायला वेळ होता, तेव्हा गाडीवाला म्हणाला की मागच्या डोंगरात दगडाची कमान आहे, बघून या. आप्पा, म्हणजे माझे वडील, लगेच पुढे झाले.

वाट काटेरी झुडपांतून जात होती. दोन्ही बाजूंना लाल दगडांचे उंच ढीग, दुकानात घड्यांच्या साड्या एकावर एक ठेवाव्यात तसे. मग एकदम ती कमान आली. अख्खा कातळ मधून पोखरलेला, वर आरपार भोक आणि त्यातून खाली मातीवर पडलेला उजेडाचा गोल. कमानीच्या पोटात सावली होती. दगडाचं छत धुरानं काळवंडलेलं, जमिनीवर काहीतरी दळून दळून पडलेले खळगे. शेळ्या राखणारी एक म्हातारी तिथे पाय पसरून बसली होती. तिच्या डोक्यावरच्या भिंतीवर लाल रंगात एक बैल होता. त्याच्या शेजारी काड्यांसारखी बारीक माणसं, हातात हात धरून उभी.

खालच्या पाटीवर लिहिलं होतं की हजारो वर्षांपूर्वी इथे माणसं राहत होती, ही चित्रं त्यांची आहेत, हात लावू नये. मला फक्त थोडा वेळ गप्प उभं राहून बघायचं होतं.

"अगं बाई, बनशंकरी आई हितं बी हाय!"

आत्यानं पिशवीतून सकाळी देवीला वाहून उरलेली तेलाची बाटली काढली आणि तळहातावर तेल ओतलं.

"मुट्टबॅड्री, अक्का," म्हातारी म्हणाली. हात लावू नका. आम्हा सगळ्यांनाच कन्नड येतं.

"लांबनं हात जोडलेलं देवीला कळतंय व्हय?" आत्या मराठीतच म्हणाली आणि सगळे हसले.

मी म्हणाले, "आत्या, ते…" पण आवाज इतका लहान निघाला की मलाच त्याची लाज वाटली.

"काय? इंग्लिशमधी सांग, मग कळंल आमाला."

"गप गं," आप्पा म्हणाले. "देवाचं काम हाय."

आत्यानं तेलाचा हात बैलावरून फिरवला, एकदा, दोनदा, मग चिमूटभर कुंकू दाबलं. दगड काळा पडला. शिंगं गेली, मग पाठ गेली. तिच्या बोटांवरचं लाल, कुंकू कुठलं आणि बैल कुठला, ते सांगता येईना. म्हातारीनं एकदा भिंतीकडे बघितलं, एकदा आमच्याकडे, आणि उठून शेळ्यांकडे निघून गेली.

मला आत्याचा राग आला, आप्पांचा आला, हसणाऱ्या आईचा आला. सगळ्यांत जास्त माझा आला. इंग्रजी शाळेत मराठी बोललं की बाकावर उभं करत. घरी अडखळत मराठी बोललं की ही आत्या माझी नक्कल करायची, पाहुण्यांसमोर, लाडानं. दोन्हीकडून तोंड मिटायला शिकले आणि मग सगळे म्हणायला लागले, पोरगी लाजाळू आहे. मी लाजाळू नाही. वाक्य बरोबर जुळेपर्यंत मी थांबते. आज जुळेपर्यंत बैल गेला.

आत्यानं पुन्हा बाटली उपडी केली. आता हात धरून उभ्या माणसांची पाळी होती. तिचा तो चकचकीत तळहात बघितला आणि मला आमचं मागाचं घर आठवलं. मी आठ वर्षांची असेन. भजी खाऊन तशीच आत गेले आणि मागावरच्या जांभळ्या साडीवर बोट टेकवलं. याच आत्यानं हातातला आडवं सूत टाकायचा लाकडी धोटा माझ्या बोटांवर मारला होता. "डाग पडला की साडी गेली! किती दिवसांची मेहनत हाय, कळतंय का?" तेव्हापासून आमच्या घरात कुणी हात धुतल्याशिवाय मागाजवळ जात नाही. आप्पासुद्धा.

मी आई आणि आप्पांच्या मधून पुढे गेले. भिंतीकडे पाठ करून चित्रातल्या त्या माणसांच्या समोर उभी राहिले. आत्याचा हात माझ्या ओढणीपासून वीतभर अंतरावर थांबला. तेलाचा एक थेंब माझ्या चपलेवर पडला.

"सर की गं," आत्या म्हणाली.

सगळे माझ्याकडे बघत होते. या वेळी आवाज लहान निघाला नाही. वर कातळापर्यंत गेला.

"आत्या, मागावरच्या साडीला तेलाचा हात लावू देतीस का तू?"