हिरव्या दोऱ्याच्या तीन गाठी

आमच्या थोरल्या दिरांना घरात सगळे 'नाक' म्हणतात. तोंडावर नाही, पण त्यांना माहीत आहे. त्यांचं कामच तसलं. डोंगरात, वाळवंटात हिंडायला जाणाऱ्यांना तंबू, स्लीपिंग बॅगा आणि चढाईचे दोर भाड्याने देणारं एक दुकान आहे. त्याच्या मागच्या खोलीत भाऊजी एकोणीस वर्षं परत आलेला माल धुतात आणि तपासतात. बॅग उघडायची, आत डोकं घालायचं, एक श्वास घ्यायचा, की झाली तपासणी. "पोराने ओली केली आणि आईने वरून पावडर मारली," असं मग सांगणार.

आणि हे जेवताना सांगणार, घास हातात धरून. मला शिसारी येते.

मी एकदाच त्या खोलीत गेले होते. सिमेंटची टाकी, पाण्यावर तरंगणारे केस, जाळीत अडकलेली नखं आणि जखमेवरच्या चिकटपट्ट्या, काठावर कुणाची तरी विसरलेली कवळी. तारांवर उलट्या टांगलेल्या बॅगा, त्यांतून ठिबकणारं मातकट पाणी. आणि सगळ्यावर शेकडो परक्या पायांचा वास. बाहेर आले ती थेट गटाराशी जाऊन ओकले. तेव्हापासून भाऊजी घरी आले की मी दारातच म्हणते, "भाऊजी, आधी हात." ते निमूट बेसिनकडे जातात, कोपरापर्यंत साबण लावतात. वास जातो अशातला भाग नाही.

गिऱ्हाइकांबद्दल त्यांच्या मनात कवडीचा आदर नाही. "दोन दिवस नळ आणि संडास काढून घे, माणूस काय लायकीचा आहे ते लगेच कळतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

दोरांच्या बाबतीत मात्र माणूस नाकासमोर चालणारा. निदान आम्ही तसं समजत होतो. डोळे मिटून दोर बोटांतून हातभर हातभर सरकवायचा, दर हाताला वाकवून बघायचा. धड दोर गोल वळतो, आतून तुटलेला असेल तर कागदासारखी घडी पडते. धड असला तर टोकाला हिरव्या दोऱ्याच्या तीन गाठी. नसला तर तिथल्या तिथे कात्रीने वीतवीतभर तुकडे, म्हणजे पुन्हा कुणाला मोह नको. आमची पोर चौदा वर्षांची. तिला या कामाचं भारी वेड. सुट्टीत त्या घाणीत त्यांच्या शेजारी बसून ती गाठी मारायला शिकली. मी ओरडले की म्हणायची, "आई, काकांचं बोट चुकत नाही."

यंदा आमच्या ह्यांच्या डोक्यात वाळवंट शिरलं. चार दिवस, सहकुटुंब, तंबूत मुक्काम आणि तिसऱ्या दिवशी सुळक्यावर चढाई. जिन्याचा दुसरा मजला आला की ह्यांना धाप लागते, ती गोष्ट वेगळी. दुकान सगळ्या गिऱ्हाइकांना एकच छापील वेळापत्रक देतं. ह्यांनी त्यात स्वतःची अक्कल घातली आणि ते फ्रिजवर लावलं. '६.५० सूर्योदय. ७.०५ सूर्योदय समाप्त. ७.१० प्रातर्विधी, वाऱ्याची दिशा पाहून.' प्रातर्विधीसाठी खोरं एकच, आळीपाळीने न्यायचं. दात घासायला माणशी अर्धा पेला पाणी. आंघोळ नाही. खाली सतरा फोन नंबर, त्यात तळावरच्या रखवालदाराचाही. वारा कुठून वाहतो हे विचारायला ह्यांनी त्या बिचाऱ्याला आत्तापर्यंत तीनदा छळलं होतं.

"साहस म्हटलं की एवढं चालायचंच," हे म्हणाले.

घरात नळाला पाणी असताना चार दिवस स्वतःच्या घामात लोळायचं, रेतीत खड्डे खणायचे, आणि याची हौस! फ्रिज उघडताना मी दर वेळी त्या कागदाला शिव्या घालायचे. पण बापलेकींपुढे माझं कोण ऐकतं?

शनिवारी दुपारी हॉलमध्ये रंगीत तालीम होती. सोफा गॅलरीत गेला, तंबू उभा राहिला, आणि त्यातून एकोणीस वर्षांच्या पायांचा तो वास माझ्या हॉलमध्ये पसरला. सामान ह्यांनीच दुकानातून आणलं होतं. आणलं त्या दिवशी भाऊजींची रजा होती, म्हणून मालकाने स्वतः फळीवरून काढून दिलं होतं.

तीनच्या सुमाराला भाऊजी आले. मी म्हटलं, "आधी हात." त्यांनी धुतले, ताटावर बसले. तेवढ्यात पोर कमरेला चढाईचा पट्टा आणि खांद्यावर दोराचं वेटोळं घेऊन तंबूतून बाहेर आली.

"काका, मी पहिली चढणार. बाबा खालून सूचना देणार."

"आणखी काय करणार तो," भाऊजी म्हणाले आणि सवयीने डावा हात पुढे केला. दोर बोटांतून सरकू लागला. चार हात, पाच हात. सहाव्याला बोटं थांबली. त्यांनी दोर वाकवला. तो गोल वळला नाही. त्याची घडी पडली.

"कात्री आण," ते मला म्हणाले.

"दादा, वेड लागलं का? भाड्याचा माल आहे," हे ओरडले. "पास केलेला आहे. हिरव्या गाठी दिसत नाहीत?"

पोरीने टोक हातात घेऊन पाहिलं. "काका, या तुमच्याच गाठी आहेत. शेवटची उलटी मारलीये. अशी तुम्हीच मारता."

"माझ्याच."

"मग तेव्हा कळलं नव्हतं?"

नाही म्हणाले असते तर मिटलं असतं. वय झालं, नजरचूक झाली, काहीही. खरं सांगते, मीसुद्धा मनात म्हणत होते, नाही म्हणा.

"कळलं होतं," भाऊजी म्हणाले. "मालक म्हणाला, एवढा हंगाम जाऊ दे. मी म्हटलं, कोण कुठली माणसं. घाणेरडी मेली. माझं काय जातंय?"

त्या टाकीपाशी मला ओकारी आली होती, पण ती पोटातली होती. या वेळी मला त्या माणसाचीच किळस आली. समोर बसून भात कालवणाऱ्या त्या बोटांची. आणि तरी माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? आपली पोर वाचली. बस्स, एवढंच. पुढचं मला सुचलं नाही, ह्यांनाही सुचलं नाही.

पोरीने विचारलं, "असे अजून किती आहेत?"

"तीन. दोन फळीवर आहेत."

"आणि तिसरा?"

भाऊजींनी फ्रिजकडे पाहिलं. "गुरुवारी गेलाय. नवरा-बायको आणि दोन मुलं."

गुरुवार, शुक्रवार, शनिवार. पोर फ्रिजपाशी धावली. ज्या कागदाला मी आठवडाभर शिव्या घालत होते, त्यावर बोट ठेवून ती वाचू लागली. "दिवस तिसरा. चार वाजून दहा मिनिटं. चढाईस प्रारंभ." भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन होऊन गेले होते.

ह्यांनी रखवालदाराचा नंबर लावला. घाईत दोनदा चुकला. तिसऱ्यांदा लागला, तसा भाऊजींनी उष्ट्या हाताने फोन ओढून घेतला आणि स्पीकर लावला. पलीकडे नुसता वारा.

"तळावर चौघं आहेत, दोन मुलं," भाऊजी म्हणाले. "चढले का?"

"पट्टे बांधतायत."

"त्यांचा दोर घ्या. टोकाला हिरवा दोरा असेल. तो कापा."

"कापा? अहो, भाड्याचा आहे! आणि तपासल्याची खूण आहे की त्याच्यावर. तुम्ही कोण बोलताय?"

भाऊजींनी पोरीकडे पाहिलं. ती त्यांच्याकडेच बघत होती.

"खूण करणारा," ते म्हणाले. "ती खोटी आहे. कापा."

मग पावलांचा आवाज, कुणाचं तरी भांडण, एका लहान मुलाचं रडणं, पुन्हा वारा. आम्ही चौघं त्या तंबूच्या वासात उभे होतो आणि कुणी नाक मुरडत नव्हतं. बऱ्याच वेळाने रखवालदार म्हणाला, "कापला. त्या मुलांचा बाप लई शिव्या देतोय तुम्हाला."

"देऊ दे."

फोन ठेवून भाऊजी बेसिनकडे गेले. कोपरापर्यंत साबण लावला, धुतला, पुन्हा लावला. मी काही म्हटलं नव्हतं. मग ओल्या हातानेच त्यांनी टेबलावरची कात्री उचलली आणि आधी आमच्या दोराचे वीतवीतभर तुकडे केले. "दुकानात जाऊन येतो. ते दोन राहिलेत."

पोर दारात चप्पल घालून उभी होती. कमरेला पट्टा तसाच.

"कात्री माझ्याकडे द्या," ती म्हणाली.

त्यांनी दिली.

"दोनच आहेत, नक्की?"

"दोनच. बाकीचे मी बोटाने बघितलेत."

"हो," ती म्हणाली. "पण सगळे मी पुन्हा बघणार."