मागे राहिलेल्याकडे बघणारे भाऊजी

माधुरी, ये, अशी माझ्याजवळ बस. तिकडे सटाण्यात असलीस तरी कान इकडे कर. परवा फोनवर तुझ्या पोराने मला विचारलं, "नाशिकचे आजोबा काय काम करायचे?" आणि मी तोंड उघडायच्या आत तू मागून म्हणालीस, "रेस खेळायचे." झालं? बापाला कोणी दोन शब्दांत उरकतं का गं? एवढी शिकलेली तू, आणि बोलतेस अशी तोडून. आता गुमान ऐक. ज्यांनी माझ्या धाकट्या दिराला कधी पाहिलं नाही त्यांनाही कळावं, म्हणून पहिल्यापासून सांगते.

निवृत्तीभाऊजी म्हटलं की मला ते टीव्हीसमोर उकिडवे बसलेले दिसतात. मखमलाबादला आमचा फुलांचा मळा. सकाळचा गुलाब बाजारात गेला, जेवणं उरकली, की भाऊजी व्हीसीआर लावायचे. गळ्यात काळ्या दोऱ्याला स्टॉपवॉच, हातात रिमोट. मुंबईची एखादी होऊन गेलेली रेस लावायची, शेवटच्या वळणापर्यंत आणायची, थांबवायची, मागे न्यायची, परत सोडायची. मागे नेताना घोडे उलटे पळायचे, उडालेली माती खुरांखाली परत जायची. तुम्ही पोरं हसून लोळायचात. भाऊजी हसायचे नाहीत. पापणी न हलवता बघायचे आणि घड्याळ दाबायचे, टक्.

हे वेड लावलं देवळाली कॅम्पातल्या सोराबजी शेटनी. त्यांच्या बंगल्यावर आमची फुलं जायची. पारशी म्हातारा, एकटा, हवेसाठी येऊन राहिलेला. मुंबईहून रेसच्या कॅसेटी मागवायचा. भाऊजी फुलं द्यायला जायचे ते दुपारपर्यंत तिथेच. शेट म्हणायचे, "अरे निवृत्ती, घोडा बघ नी, जॉकीचा शर्ट काय बघते?" ते घड्याळ त्यांनीच दिलेलं. घोड्यांची इंग्रजी नावं भाऊजींच्या जिभेवर बसायची नाहीत, म्हणून ते आपली नावं ठेवायचे. एक रागीट, एक भोळ्या, एक मोजेवाली, तिचे मागचे दोन्ही पाय घोट्यापर्यंत पांढरे.

एकदा मी पुढ्यात गवार मोडत बसले होते. म्हटलं, "भाऊजी, रेस तर संपली. कोण जिंकलं तेही ठाऊक आहे. मग परत परत काय बघता?"

"जिंकलेल्याला सगळं जग बघतं, वहिनी. मागे राहिला तो का मागे राहिला, ते बघायचं." आणि मला मोजेवाली दाखवली. ती चौथी आलेली. पण पुढे दोन घोडे खांद्याला खांदा लावून, बाजूला तिसरा, तिला वाटच नव्हती. वाट सुटली तेव्हा रेस सरत आली होती. तेवढ्या शेवटच्या तुकड्यात मात्र तिच्याइतकं कुणीच पळालं नव्हतं. भाऊजींनी घड्याळ माझ्यापुढे धरलं. "हे खोटं बोलत नाही. पण अर्धंच बोलतं. मैदान ओलं होतं का, वळणावर कडेने लांबून फिरावं लागलं का, ते डोळ्यांनी विचारायचं."

पुढच्या खेपेला मोजेवालीवर पैसे लावले आणि ती आली पहिली. घरात पेढे. पण सगळ्या खेपा तशा नसायच्या. हरले की रात्री भाकरी नको म्हणायचे. आमचे हे ओरडायचे, "मळ्यात गुडघाभर तण माजलंय आणि आमचा राजा घोड्यांचे पाय तपासतोय." तुझी आई, सुमन, पदरात हसायची. म्हणायची, "बघू द्या दादा. माझ्याकडे कधी एवढं बघितलं नाही, निदान घोड्यांकडे तरी बघतात."

मग तुझं लग्न झालं. तू सटाण्याला गेलीस आणि पंधरवड्याने लग्नाची कॅसेट आली. सगळे दाटीवाटीने बसलो. सुमन पंचारती घेऊन नवरदेवाला ओवाळायला निघते, मांडवापासून फाटकापर्यंत, तिथे भाऊजींनी रिमोट दाबला. मागे नेलं. परत सोडलं. परत मागे. आमचे हे म्हणाले, "काय रे निवृत्ती, मांडवात कोणती घोडी धावतेय?" सगळे हसले, सुमनसुद्धा. भाऊजी उठले, कपाटातून माझ्या विलासच्या लग्नाची कॅसेट काढली. दोन वर्षांपूर्वीची. तेच लॉन, तेच फाटक, आणि हातात दिवा घेऊन चालणारी तीच. त्यांनी दोन्हीकडे घड्याळ दाबलं. मग टीव्ही बंद केला.

संध्याकाळी मला विहिरीपाशी गाठलं. "वहिनी, सुमनचं डावं पाऊल मागे राहतंय."

"अहो, पोरीचं लग्न काढलं तिने. दगदग काय कमी झाली?"

"दगदगीने दोन्ही पाय थकतात. एकच थकत नाही."

डॉक्टरकडे नेलं, मग मोठ्या डॉक्टरकडे. नसांचं दुखणं निघालं. आधी पाय जातो, मग हात, मग गिळणं. औषध नाही. लवकर सापडलं, एवढंच डॉक्टर म्हणाले, पण लवकर सापडून करायचं काय ते त्यांनाही सांगता येईना. घरी येताना भाऊजी रिक्षात मला म्हणाले, "चालती ठेवायची. चालती आहे तोवर ती आपली आहे."

त्या दिवसापासून रेसच्या कॅसेटी बंद. सोराबजी शेटच्या परत करून आले. रोज ऊन उतरलं की सुमनने विहिरीपासून ओट्यापर्यंत चालायचं आणि भाऊजींनी ओट्यावर घड्याळ घेऊन उभं राहायचं. सुमन कमरेला पदर खोचून म्हणायची, "आज माझ्यावर कोण लावतंय? कुणी नाही? मग मीच लावते." काही दिवस वेळ कमी आला तर दोघं पोरांसारखी खूश. मग वेळ वाढायला लागला. वाढतच गेला.

असंच एकदा तू माहेरपणाला आलेली. तुझी आई पाय ओढत चाललीय आणि बाप घड्याळ धरून उभा, हे तू फाटकातून पाहिलंस. तू म्हणालीस, "बाबा, घोडे कमी पडले म्हणून आता आईची रेस लावलीत का?" भाऊजींनी घड्याळ सदऱ्यात सारलं. तू दुसऱ्या दिवशी निघून गेलीस. नंतर आईसाठी यायचीस, पण बापाशी बोलणं चहा घ्या, पाणी घ्या, एवढंच.

आता तुला ठाऊक नाही ते सांगते. तू गेल्यावर चार दिवसांनी सुमन चालत आली. ओट्याला टेकली, धाप लागलेली. भाऊजी घड्याळाकडे बघून म्हणाले, "आज कालच्यापेक्षा बरं आहे." सुमनचा चेहरा उजळला. म्हणाली, "बघा, मी म्हणत नव्हते?"

मी तिची वेणी घालायला बसले, तिचा हात आता मागे जात नव्हता. ती हळूच म्हणाली, "ताई, घड्याळ दाबल्याचा आवाजच आला नाही."

मी पेड घालत राहिले.

"इतकी वर्षं त्या टक्‌शी संसार केलाय मी. आज आला नाही. त्यांनी घड्याळ लावलंच नाही हो. बघवलं नसेल." मग माझा हात धरून म्हणाली, "त्यांना सांगू नका मला कळलं ते. मला पटलंय असं वाटू दे त्यांना. तेवढ्यावर जेवतात ते." मी तिला शब्द दिला.

तिथून पुढे रोज तेच. ते म्हणायचे, बरं आहे. ती म्हणायची, वाटतंयच मला. घोड्याच्या बाबतीत ज्या माणसाने स्वतःलाही कधी खोटी वेळ सांगितली नाही, तो बायकोला रोज सांगायचा, आणि ती पायात जीव नसताना ते खरं करायला धडपडायची. शेवटी शेवटी ते तिला उचलून विहिरीपाशी न्यायचे आणि उचलूनच परत आणायचे. ओट्यावर ठेवताना म्हणायचे, "आज तर फारच लवकर आलीस."

सुमन गेली. त्यानंतर भाऊजी मळ्यात राबायचे, फुलं तोडायचे, बाजारात जायचे, पण कुठल्याच गोष्टीकडे दुसऱ्यांदा बघायचे नाहीत. मी म्हटलं, "माधुरीला खरं काय ते सांगा की." तर म्हणाले, "राहू द्या वहिनी. माझा राग येतोय तोवर तिचं आईचं दुःख थोडं मागे राहील. मला काय, सोसतं."

सोसलं नाही गं त्यांना. दर दिवाळीला तुझ्या एसटीच्या वेळेला फाटकाशी उभे असायचे, आणि तू उतरलीस की आत जाऊन काहीतरी काम काढायचे. ते गेले तेव्हा तू आलीस, दहाव्यापर्यंत राहिलीस, सगळ्यांना वाढलंस, आणि डोळ्यांतून टिपूस काढलं नाहीस. मला तेव्हाच बोलायचं होतं. पण घरभर माणसं, आणि भाऊजींचं ते "राहू द्या" कानात.

आता दोघंही नाहीत, शब्द फिटला. माझंही वय झालं, जिना चढवत नाही. तू ये. पोराला घेऊन ये. इथे ओट्यावर माझ्याजवळ बस आणि पोटभर रड, कुणी काही म्हणणार नाही. कळवत बसू नकोस, पाहुणी आहेस का? गाडी मिळेल तशी ये, पण लवकर ये.