सोळा वेलांचा मांडव

द्राक्षाच्या वेलाला वर पसरायला लोखंडी खांब आणि तारांचा जो सांगाडा उभा करतात, त्याला मांडव म्हणतात. मला हे पन्नाशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं, आणि जेसल पार्कच्या आमच्या सोसायटीत अजूनही कुणाला माहीत नसावं. सगळा घोळ तिथूनच झाला.

उत्तनला नवऱ्याच्या जुन्या सहकाऱ्याची बहीण राहते. आम्ही तिला आंटी म्हणतो. तिच्या घरामागे जमिनीचा एक पडीक तुकडा होता. मुलीने तो पाहिला आणि म्हणाली, "इथे द्राक्षं लावू या." रत्नागिरीच्या माणसांनी समुद्राकाठी द्राक्षं लावायची! आंटीने हसत परवानगी दिली, आम्ही नाशिककडून सोळा रोपं आणली आणि दर शनिवारी-रविवारी उत्तनची बस धरू लागलो. तण उपटायचं, रोपं काठीला सुतळीने बांधायची, बादल्यांनी पाणी घालायचं. आंटीच्या सांगण्यावरून सुकटीचा चुराही खत म्हणून घातला. त्या संध्याकाळी आमच्यासोबत लिफ्टमध्ये कुणी चढलं नाही.

एक नियम मात्र होता, आणि तो मुलीचा होता. ती एकतीस वर्षांची. लग्न करायचं नाही, असं तिने मला शांतपणे सांगितलं होतं आणि मी ते अजिबात शांतपणे ऐकलं नव्हतं. गणपतीत मी परत एक स्थळ काढलं, तेव्हा ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी म्हणाली, "आई, बागेत लग्नाचा विषय निघाला तर मी यायची बंद होईन." ती बोलते तशी वागते, माझ्यावरच गेली आहे. आठवडाभर ती बंद दाराआड लॅपटॉपशी बोलते, माझ्याशी बोलते ती उत्तनलाच. त्यामुळे मी तोंडाला कुलूप लावलं.

मग त्या शुक्रवारी मी पॅसेजमध्ये उभी राहून खांबवाल्याला फोन केला. रेंज तिथेच येते. "मांडव उद्याच घालायचाय, काही झालं तरी," असं मी चांगलं ओरडून सांगितलं. फोन ठेवून लिफ्टमध्ये शिरले तर मागोमाग समोरच्या गुजराती शेजारीण आल्या.

"भाभी, मंडप तक बात पहुँच गई और हमको बताया भी नहीं?"

मला लगेच "अरे नहीं" म्हणता आलं असतं. मी नुसती हसले. त्यांनी माझा हात दाबला, आणि खोटं कशाला बोलू, मला दोन मजले फार बरं वाटलं. पहिला मजला आला तेव्हा भानावर येऊन म्हटलं, "वो अंगूर का मंडप है." पण तोवर त्यांनी फोन कानाला लावला होता. हाटकेशला राहणारी माझी नणंद आणि त्या एकाच योगा क्लासला जातात.

शनिवारी सकाळी नवरा पहारीने खड्डे खणत होता. मुलगी खांबांना गंज लागू नये म्हणून लाल रंग फासत होती. समुद्राची हवा लोखंडाला टिकू देत नाही. तेवढ्यात रिक्षा थांबली आणि नणंद उतरली. रेशमी साडी, हातात नारळ, पिशवीत हळद-कुंकू, अक्षता आणि आंब्याच्या पानांचे टाळे.

"काय गो, मुहूर्तमेढ रोवताय आणि सख्ख्या आत्याला सांगायचं नाही? आणि हिने मेंदीपण काढली?"

मुलीने कोपरापर्यंत रंगलेल्या हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आता ही ब्रश टाकणार, हात धुणार आणि परत कधी येणार नाही, एवढंच मला दिसत होतं.

"मांडव माझा नाही, आत्या. द्राक्षांचा आहे," ती म्हणाली.

नणंद मटकन उपड्या बादलीवर बसली. नवरा लगबगीने खड्डा खोल करू लागला, जो आधीच पुरेसा खोल होता. शेवटी मागच्या दारातून आंटीच म्हणाली, "आमच्यात पन लग्नाला मांडव घालतात. नारल हाय तर फोडा, परत न्याचा न्हाय."

नणंदेला ते पटलं. पदर खोचून ती उठली, पहिला खांब उभा राहिल्यावर त्याला हळद-कुंकू लावलं, टाळे बांधले, दगडावर नारळ फोडला. आणि सवयीने, अगदी सवयीनेच, मुलीच्या डोक्यावर अक्षता टाकून म्हणाली, "तुझा वेल मांडवाला जाऊ दे."

हा आमच्याकडचा जुना आशीर्वाद. मुलंबाळं होऊ देत, वंश वाढू दे, असा त्याचा अर्थ. मी डोळेच मिटले.

मुलीचं हसू ऐकू आलं तेव्हा उघडले. ती आत्यासमोर वाकली होती आणि म्हणत होती, "जाऊ दे गो आत्या, सोळाच्या सोळा जाऊ देत!" आत्याही पोट धरून हसू लागली. मग रेशमी साडी सांभाळत तिने दिवसभर आम्हाला खांब धरून दिले, आणि प्रत्येक खांब वाकडा आहे असं सांगितलं.

संध्याकाळी ती गेल्यावर मुलगी माझ्याजवळ आली. "आत्याला शेजारणीनेच फोन केला होता म्हणे. त्यांना तू लगेच 'नाही' असं का म्हणाली नाहीस?"

"दोन मजले म्हणाले नाही," मी म्हटलं. "चुकलं माझं. मला ते ऐकायला बरं वाटलं गं."

ती तारेचं भेंडोळं सोडवत राहिली. मला राहवेना. विचारलं, "पुढच्या शनिवारी येशील ना?"

"नाही तर तार कोण ताणणार?" ती म्हणाली. "तुझे व्याही?"

नियम तिनेच मोडला होता. मी मात्र तोंडातून एक शब्द काढला नाही. पक्कड उचलली आणि तारेचं दुसरं टोक घट्ट धरलं.