दंडाची भजी

तळ्यावरून घरी आले की लुगड्याच्या काठाला कुसळं चिकटलेली असतात. एक उपटावं तर दुसरं बोटाला टोचतं. आमच्या पाखरं बघणाऱ्या मंडळाचे किस्सेही तसेच. एक सांगायला घ्यावा, तर त्याच्या शेपटाला दुसरा!

मंडळ म्हणजे तीन पुरुष, मी आणि माझ्या मांडीवर आमची पोर शकू. आमचे हे पहूरच्या शाळेत मास्तर. नाना जंगलखात्यातून पेन्शनीत निघालेले. यूसुफभाऊ शिंपी. दसरा झाला की गावाबाहेरच्या तळ्यावर दूरदेशीची बदकं उतरतात, आणि दर रविवारी सकाळी आम्हीही! मी सातवी पास, म्हणून नोंदीची वही माझ्याकडे.

नियम दोनच. दोघांनी पाहिल्याशिवाय पाखरू वहीत जायचं नाही. आणि ज्याच्या आवाजानं पाखरं उडतील, त्यानं सगळ्यांना भजी खाऊ घालायची.

*

पहिल्या रविवारी मी शकूसाठी स्वेटर, कानटोपी, गोधडी, वेखंड, हिंगाची डबी आणि छत्री घेतली. पोरीला वारा लागला तर? ऊन लागलं तर?

यूसुफभाऊंनी ओझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "भाभी, मास्तरांची बदली झाली का?"

*

नानांची नजर अधू. पण दुर्बीण त्यांची, म्हणून पहिला मानही त्यांचा. एकदा बराच वेळ बघून म्हणाले, "यंदा पाखरं लई लांब बसली!"

यांनी हळूच दुर्बीण सुलटी करून हातात दिली.

नाना पुन्हा बघायला लागले. "हां! आता कशी जवळ सरकली!"

तेव्हापासून नाना प्रत्येक पाखराला खात्री करून घेतात. बोट दाखवून आपल्या अहिराणीत विचारतात, "शे का?" म्हणजे, आहे का? आम्ही सगळे म्हणतो, "शे." दिसत नसलं तर गप्प बसतो. मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं?

*

यूसुफभाऊंनी तिघांना एकाच ताग्यातले हिरवेगार सदरे शिवले. आपण पाखरांना गवत वाटलो पाहिजे, म्हणे! तिघं काठावर पालथे पडले.

पाखरांचं ठाऊक नाही, एका बकरीला मात्र पटलं. यांच्या सदऱ्याचा मागचा घोळ तिनं वीतभर खाल्ला, आणि भजीच्या भीतीनं हे हूं की चूं नाही!

*

टिटवी ओरडली की मी शकूचे कान झाकायची. सासूबाई सांगायच्या, वाईट असतं म्हणून.

हे म्हणाले, "अगं, जरा पान हललं की ओरडते बिचारी. तुझ्यासारखीच आहे."

यूसुफभाऊ म्हणाले, "फरक इतकाच मास्तर, ती थोड्या वेळानं थांबते!"

*

आता शेवटचा.

शकूला अडीच वर्षं होऊन गेली होती, पण तोंडातून एक शब्द नाही. ऐकायची सगळं. शेजारच्या अक्का म्हणायच्या, "मास्तरची पोर, आणि बोलत नही?" मी नवस बोलले. डॉक्टरला दाखवायला धुळ्यापर्यंत गेले. ते म्हणाले, वाट पाहा. कशी पाहायची, ते नाही सांगितलं.

तळ्यावर मात्र तिचं कौतुक. "मंडळात नियम पाळणारी एकच, शकू!" सगळे हसायचे. मीही हसायची, आणि वहीत डोकं घालायची.

दिवाळीनंतरचा रविवार होता. नानांनी अचानक पाणकणसांकडे बोट केलं.

"चक्रवाक! केशरी बदक! शे का?"

आदल्या वर्षीही त्यांना एकट्यालाच चक्रवाक दिसला होता. साक्षीदार नाही, म्हणून वहीत गेला नव्हता, आणि ते आठ दिवस आमच्याशी बोलले नव्हते.

यूसुफभाऊ गप्प. हे पुटपुटले, "नाना, खापर आहे हो ते. फुटलेलं मडकं."

नानांचा चेहरा उतरला. तरी एकदा हळूच विचारलं, "नही शे का?"

माझ्या मांडीवरून, पाणकणसांच्या बुडाशी बोट रोखून, कुणीतरी खणखणीत ओरडलं,

"शे!"

मडक्याला पंख फुटले. एक नाही, दोन चक्रवाक! त्यांच्यामागं तळ्यावरची सगळी पाखरं उडाली.

कुणी वर पाहिलं नाही. सगळे शकूकडे बघत होते. ती आभाळाकडे बघत होती. "शे! शे! शे!"

नाना चष्मा पुसत म्हणाले, "लिही माय. चक्रवाक, दोन. साक्षीदार, कुमारी शकुंतला."

मी लिहायला घेतलं. शकूचं नाव दोनदा गिरवलं.

यूसुफभाऊ म्हणाले, "पण मास्तर, नियम म्हणजे नियम. सगळी पाखरं उडवली पोरीनं!"

त्या दिवशी मी अख्ख्या गल्लीत भजी वाटली. अक्कांच्या घरी पहिली थाळी.

"आज काय गं?" अक्कांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "शकूला दंड झाला!"